तापाच्या दिवसाचा हिशेब

सोमवारी सकाळी कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागासमोरची रांग पाहावी. कडेवर मूल घेतलेल्या कित्येक आयांच्या पर्समधून कार्यालयाचे ओळखपत्र डोकावत असते. कुणी एसटीत वाहक, कुणी बँकेत कारकून, कुणी दुसऱ्या रुग्णालयातली रात्रपाळी संपवून तशीच आलेली परिचारिका. मुलाला सर्दी, खोकला, ताप. तपासणी होते, औषधे लिहून होतात आणि मग प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, उद्या पाळणाघरात पाठवू ना?’’ आजाराबद्दलच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न जास्त काकुळतीने विचारलेला असतो. उत्तर ‘नको’ असे आले, तर त्या घराची पुढच्या तीन दिवसांची घडी विस्कटणार असते.

नोकरी करणाऱ्या आई-वडिलांनी मुलाच्या संगोपनाचा हिशेब कधी ना कधी मांडलेला असतोच. पाळणाघराची फी किती, सांभाळणाऱ्या ताईंचा पगार किती, आजी गावाहून किती महिने येऊ शकतील, लोकल किंवा बस चुकली तर मुलाला कोण आणणार. पण हा हिशेब सगळे ठणठणीत असल्याच्या दिवसाचा असतो. तापाच्या दिवसाची त्यात नोंद नसते. म्हणून तो दिवस आला की त्याची किंमत कुणाच्या तरी रजेतून, झोपेतून, गुडघ्यांतून किंवा खुद्द बाळाच्या प्रकृतीतून वसूल होते.

वर्षाला किती आजारपणे?

पहिल्या दोन-तीन वर्षांत निरोगी मुलालाही वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होतो. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांत हा आकडा दहा-बारापर्यंत जाऊ शकतो. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते आणि खोकला त्याहूनही जास्त. पावसाळा आणि थंडी मिळून हे दिवस एकापाठोपाठ एक मांडले, तर मूल ‘सतत आजारी’ वाटू लागते. मग शेजारीपाजारी म्हणतात, ‘‘प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक सुरू करा.’’ नातेवाईक म्हणतात, ‘‘पाळणाघरात टाकल्यावर दुसरे काय होणार?’’

वस्तुस्थिती अशी की सर्दी निर्माण करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत आणि प्रत्येकाची ओळख शरीराला वेगळी करून घ्यावी लागते. घरात एकटे वाढणारे मूल ही ओळख बालवाडीत किंवा शाळेत गेल्यावर करून घेते, पाळणाघरातले मूल ती आधी करून घेते. अमेरिकेतील टक्सन शहरात मुलांचा जन्मापासून अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांचे असताना सर्दी जास्त वेळा झाली, पण शाळेच्या वयात घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी वेळा झाली, असे त्या अभ्यासात दिसले. तेरा वर्षांच्या सुमारास दोन्ही गट सारखेच झाले.

तेव्हा वजन नीट वाढत असेल, दोन आजारपणांच्या मध्ये मूल खेळते-खाते असेल, तर वरचेवर होणारी सर्दी हा प्रतिकारशक्तीचा दोष नव्हे. वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, कान सतत वाहणे, दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा ताप किंवा खोकला, घरात कुणाला क्षयरोग असणे, अशा वेळी मात्र तपासणी लांबवू नये.

याचा साधा अर्थ असा की पाळणाघर सुरू केल्यावर पहिल्या वर्षात मूल घरी ठेवावे लागेल असे पंधरा-वीस दिवस सहज निघू शकतात. ते दिवस येणार, हे आधीच धरून चालायला हवे.

सकाळी सातचा डोस

ज्या घरात हे दिवस धरलेले नसतात, तिथे एक पळवाट काढली जाते. पहाटे अंग कोमट लागते. सात वाजता पॅरासिटामॉल पाजले जाते. साडेसातला मूल हसतखेळत पाळणाघरात पोहोचते. अकराच्या सुमारास औषधाचा असर उतरतो, ताप चढतो आणि आईचा फोन वाजतो. दरम्यानच्या चार तासांत त्या मुलाने आपला विषाणू खोलीतल्या सगळ्यांना वाटलेला असतो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरीही हेच घडते आणि तिसऱ्या आठवड्यात कुणाकडून तरी दुसरा विषाणू परत येतो.

यात दुसरा धोकाही आहे. घरी डोस दिल्याचे पाळणाघराला सांगितले नाही, तर तिथल्या ताई ताप पाहून पुन्हा तेच औषध देतात. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास. थेंबांची बाटली आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जास्त डोस वारंवार गेल्यास यकृताला इजा होते. डोस दिला असेल तर वेळ आणि प्रमाण चिठ्ठीवर लिहून देणे, एवढी शिस्त तरी पाळायलाच हवी.

याच घाईतून अँटिबायोटिकची मागणी होते. ‘‘जरा जोरदार औषध द्या, परवा मला हजर व्हायचे आहे,’’ असे वडीलही म्हणतात आणि आईही. बहुतेक सर्दी-ताप विषाणूंमुळे येतात. अँटिबायोटिकने ते एक दिवसही लवकर बरे होत नाहीत. उलट जुलाब होतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा जंतू औषधाला दाद देत नाहीत. मुलाच्या आजाराला लागणारा वेळ लागतोच. कमी पडते ती रजा, आणि रजेवर बाटलीत औषध मिळत नाही.

खोकल्याच्या सिरपचेही तसेच. अनेक सिरपमध्ये गुंगी आणणारे घटक असतात. मूल शांत झोपते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापणे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, असे पुन्हा बजावले. एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ आणि आराम यांनी बहुतेक वेळा काम भागते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

कामावर जाणाऱ्या आईचे मूल झोपवून ठेवण्याचा हा मोह जुना आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्री कामगारांची पाहणी झाली, तेव्हा बाळांना अफूची गोळी देऊन निजवण्याची रीत सर्रास असल्याचे नोंदवले गेले. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळी दहा-दहा तासांची, घरी सांभाळायला कुणी नाही आणि मजुरी बुडवणे परवडणारे नाही, यातून ती गोळी आली होती. १९२८मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा. अफू गेली, पण तिच्यामागची अडचण पूर्ण गेलेली नाही. तिची जागा कुठे गुंगीच्या सिरपने घेतली आहे, कुठे मोबाइलने. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

फोन आईलाच का येतो?

ताप चढल्यावर पाळणाघरातून पहिला फोन कुणाला जातो, हा प्रश्न वरवर साधा आहे. बहुतेक अर्जांवर आईचा क्रमांक वर आणि वडिलांचा खाली असतो. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयोगटात घरातल्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया ४१ टक्के आहेत, पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास. तापाचा दिवस हा या आकड्यांचाच पुढचा भाग असतो.

पैशांची मांडणीही तशीच होते. समजा, आईचा पगार २८ हजार आणि वडिलांचा ३५ हजार आहे. पाळणाघर आणि येण्याजाण्याचा खर्च मिळून महिन्याला १२ हजार जातात. घरात बोलले जाते, ‘‘हिच्या हाती राहतात सोळा हजार. तेवढ्यासाठी लेकराला दुसऱ्याच्या दारात ठेवायचे?’’ वजाबाकी बरोबर आहे, पण ती आईच्याच पगारातून का, हे कुणी विचारत नाही. मूल दोघांचे, मग खर्चही दोघांच्या ६३ हजारांतून जायला हवा. शिवाय हा हिशेब फक्त या वर्षाचा आहे. तीन-चार वर्षांत मूल शाळेत जाऊ लागते आणि पाळणाघराचा भार हलका होतो. सोडलेली नोकरी मात्र त्याच पगारावर परत मिळत नाही. वेतनवाढ, भविष्य निर्वाह निधी, सेवाज्येष्ठता हे सगळे मध्येच तुटते. २०२३चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हेच दाखवले आहे. श्रीमंत देशांत सारख्या शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतील दरी आज मोठ्या प्रमाणावर पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते.

नोकरी सोडावी की नाही, हा ज्या त्या घराचा निर्णय. बाळाजवळ राहण्याची ओढ असलेल्या आईने काही वर्षे थांबावे, यात काहीच गैर नाही. पण तो निर्णय सलग तीन आजारपणांनंतर, चार रात्री न झोपलेल्या डोक्याने घेतलेला नसावा. वडिलांनी बाळाच्या आजारपणात एक दिवस पूर्ण एकट्याने काढला, की त्या घरातल्या चर्चेचा सूर बदलतो. औषधाची बाटली कुठे आहे, मूल कुठल्या गाण्यावर झोपते, लसीकरणाचे कार्ड कुठल्या कप्प्यात आहे, हे त्यांना त्या दिवशी कळते आणि पुढच्या वेळी फोन दोघांपैकी कुणालाही येऊ शकतो.

आजीचे गुडघे

पाळणाघर परवडत नाही किंवा त्यावर विश्वास नाही, तेव्हा आजी येते. तिच्या मायेची जागा कुणीच घेऊ शकत नाही. तरीही ‘आजी आहे म्हणजे खर्च नाही’ ही समजूत खरी नाही. दहा किलोचे बाळ दिवसातून तीस-चाळीस वेळा उचलायचे, त्याच्यामागे धावायचे, दुपारची झोप सोडायची, आणि हे साठीच्या पुढच्या, बहुधा रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असलेल्या शरीराने.

अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात आठवड्याला नऊ तासांहून अधिक काळ नातवंडे सांभाळणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले होते. उलट बर्लिनमधील वृद्धांच्या अभ्यासात अधूनमधून नातवंडांची देखभाल करणारे आजी-आजोबा जास्त जगल्याचे दिसले. दोन्हींचा मेळ घालणे अवघड नाही. झेपेल इतके, आनंदाने केलेले काम माणसाला उभारी देते. नाइलाजाने, सुट्टीशिवाय केलेले काम झिजवते. आजीला आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण मोकळा असावा, वरकामाला मदत असावी आणि तिची स्वतःची तपासणी-औषधे चुकू नयेत. ‘‘बाळ लहान आहे, नंतर बघू’’ म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन-दोन वर्षे लांबवलेल्या आज्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेल्या आहेत.

आजीच्या घरात दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, तिच्या गोळ्या. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. गोळ्या उशीखाली, पदराच्या गाठीत किंवा टीव्हीजवळच्या डबीत न ठेवता उंच आणि कुलपात ठेवाव्यात. दुसरी, खोकला. आजी-आजोबा असोत वा सांभाळणाऱ्या ताई, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. तान्ह्या बाळांना क्षयरोग होतो तो बहुतेक वेळा जवळच्या मोठ्या माणसाकडून.

सव्वीस आठवड्यांनंतर

प्रसूती लाभ कायदा १९६१चा. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा, हेही त्यात आले. सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. केंद्रीय कर्मचारी स्त्रियांना ती ७३० दिवसांपर्यंत मिळू शकते, तर पितृत्व रजा १५ दिवसांची आहे.

सहा महिने पूर्ण होण्याच्या सुमारास रजा संपते, नेमके तेव्हाच बाळाला वरचे अन्न सुरू करायचे असते. पण स्तनपान तेव्हा थांबवायचे नसते. दोन वर्षे आणि पुढेही ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या वाटीत किंवा बाटलीत साधारण चार तास बाहेर टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र ते लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि २४ तासांत वापरावे. ते गॅसवर उकळू नये. गरम पाण्यात भांडे धरून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. यासाठी कार्यालयात लागते ती एक कडी लागणारी स्वच्छ खोली, एक खुर्ची आणि वीस मिनिटे. ही सोय नसते म्हणून कित्येक जणी शौचालयात दूध काढतात किंवा दूध बंद करतात.

आईच्या मनाची काळजीही याच काळात घ्यावी लागते. भारतातील ३८ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. कामावर परतल्यावर सतत रडू येणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, बाळ झोपले तरी झोप न लागणे, जगणे नकोसे वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो थकवा म्हणून सोडून देऊ नये. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

ज्यांना रजाच नाही

या सगळ्या तरतुदी पगारपत्रक असणाऱ्यांच्या. धुणीभांडी करणारी, बांधकामावर घमेली उचलणारी, ऊस तोडणारी, दुसऱ्यांची मुले सांभाळणारी स्त्री यांच्याबाहेर राहते. तिचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तिचे तान्हे मूल आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या बहिणीच्या कडेवर असते आणि बहिणीची शाळा सुटते. किंवा मूल उसाच्या फडात, वाळूच्या ढिगाजवळ, पाण्याच्या उघड्या टाकीशेजारी असते. बुडणे, भाजणे, साप चावणे अशा अपघातांनी येणाऱ्या मुलांच्या केसपेपरवर ‘आई कामावर होती’ एवढीच नोंद असते.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली आणि तिने फार मोठे काम केले. पण अंगणवाडी दिवसातले काही तासच भरते आणि रोज येऊन बसणारी मुले मुख्यतः तीन ते सहा वर्षांची असतात. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलाला पोषण आहार घरी मिळतो, पण सांभाळायला माणूस मिळत नाही. सगळ्यात नाजूक वयाची जागा रिकामी राहते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराची सोय करायची आहे. ती जिथे सुरू झाली आहे तिथे तिचा वापर करावा, आणि जिथे नाही तिथे ग्रामपंचायतीने किंवा नगरसेवकाने रस्त्याइतक्याच हक्काने ती मागावी.

हे अशक्य नाही, याचे दाखले जुने आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात बालवाडी थेट आदिवासी पाड्यांवर नेली. १९६९मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे काम पुढे मुंबई-पुण्यातही पसरले. आई जिथे काम करते तिथे पाळणा नेणे, एवढीच ती कल्पना.

पाळणाघर पाहताना

पाळणाघरात ठेवले म्हणून मुलाचे नुकसान होते का, हा अपराधी प्रश्न अनेक आयांना छळतो. अमेरिकेत १९९१मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात १,३००हून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. पाळणाघर की घर, यापेक्षा तिथल्या देखभालीचा दर्जा महत्त्वाचा ठरला. चांगल्या दर्जाच्या ठिकाणी मुलांची भाषा थोडी सरस होती. फार जास्त तास केंद्रात राहिलेल्या मुलांत हट्ट-मारामारी किंचित अधिक दिसली. आणि या सगळ्यापेक्षा घरातल्या वातावरणाचा प्रभाव मोठा होता. संध्याकाळचा तासभर मुलाशी बोलणे, त्याच्यासोबत जेवणे, त्याचे ऐकणे कामी येते ते इथेच.

फी विचारण्याआधी तिथे तासभर बसून पाहावे. एका बाईकडे किती तान्ही बाळे आहेत? आग लागली तर एक माणूस कडेवर दोनच बाळे घेऊन बाहेर पळू शकतो. लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुतले जातात का? बादल्या भरलेल्या राहतात का? चालायला शिकणारे मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते. टीव्ही चालू आहे का? ताई मुलांशी बोलतात का, की फक्त गप्प बसायला सांगतात? पालकांना केव्हाही न सांगता येण्याची मुभा आहे का? २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीनंतर कॅमेऱ्यांची मागणी वाढली. कॅमेरा उपयोगी आहे, पण पुरेशी माणसे, त्यांना बरा पगार आणि वेळेवर विश्रांती यांची जागा तो घेऊ शकत नाही. फार स्वस्त पाळणाघरात खर्च वाचतो तो बहुधा माणसांवरचाच.

आधीच करून ठेवायची तयारी

बाळ ठणठणीत असताना आई-वडिलांनी शेजारी बसून एक कागद लिहावा आणि तो फ्रिजवर लावावा.

पहिल्या दिवशी कोण थांबणार, दुसऱ्या दिवशी कोण, तिसऱ्या दिवशी कोण? आळीपाळीने नावे लिहावीत. वर्षातली काही रजा दोघांनीही यासाठीच राखून ठेवावी. आजी, मावशी, शेजारच्या काकू यांपैकी अडीनडीला कोण येऊ शकेल, त्यांना आधी विचारून ठेवावे.

मुलाचे सध्याचे वजन, पॅरासिटामॉलचा डॉक्टरांनी सांगितलेला डोस, ॲलर्जी आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक लिहावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, हे सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे. ओआरएसची पाकिटे घरात असावीत. लसीकरण वेळेवर पूर्ण करावे. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला सहा महिन्यांनंतर दरवर्षी फ्लूची लस देण्याबद्दलही डॉक्टरांशी बोलावे.

पाठवावे की नाही, याचे नियम कठीण नाहीत. नुसते नाक वाहते आहे, मूल खेळते आहे, तर पाठवायला हरकत नाही. ताप असेल तर औषध न देता २४ तास ताप नसल्यावरच पाठवावे. उलट्या-जुलाब पूर्ण थांबल्यावर पाठवावे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी ठेवावे. गोवरात पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस.

आणि या खुणा दिसल्या तर रजा, फी, पाळी काहीही न बघता लगेच रुग्णालय गाठावे: तीन महिन्यांखालील बाळाला ताप, दूध-पाणी न घेणे, झटके, गळून पडणे, छाती आत ओढली जाणे, सहा ते आठ तास लघवी न होणे. शांत असलेल्या मुलाचा श्वास मिनिटभर मोजावा. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर ती न्यूमोनियाची खूण असू शकते.

कार्यालयांनाही असा कागद लागतो. मूल आजारी असल्याचे कारण सांगून मागितलेली एक दिवसाची रजा मोकळेपणाने मिळाली, तर सातचा डोस पाजायची वेळ येत नाही. ती मागणाऱ्या पुरुषाला ‘‘बायको नाही का घरी?’’ असे विचारले गेले नाही, तर पुढच्या वेळी दुसराही पुरुष ती मागेल.

घरचा कागद लिहायला अर्धा तास लागतो. ताप चढल्यावर तो अर्धा तास मिळत नाही, म्हणून तो या रविवारीच लिहावा, आणि पहिल्या ओळीत कुणाचे नाव आले आहे, तेही दोघांनी एकदा वाचून पाहावे.